उत्तरेच्या बुरुजातली एकवीस मडकी

ही गोष्ट सांगू नकोस, असे काकूने मला दोनदा बजावले आहे. ऐकून मुली उलट बोलू लागतात म्हणे. तरी सांगते.

एका राज्यात रीत होती. महालात नवी राणी आली की चांदीच्या ताटात तांदूळ पसरायचे आणि राजाने सोन्याच्या अंगठीने त्यांत तिचे नवे नाव लिहायचे. जुने नाव पुन्हा कोणी उच्चारायचे नाही. ते तांदूळ राजमांत्रिक उत्तरेच्या बुरुजात नेई. पाखरांना घालतो, असे सांगे.

राजकन्या शाल्मलीची आई दिवसभर खिडकीशी बसून असे. भरवले तर खाई, पण लेकीला ओळखत नसे. तुझ्या जन्माने आईचे डोके फिरले, असे राजा सांगे. दासीही टोमणा मारीत की आईला गिळून आलीस. सोळा वर्षे शाल्मलीने मान खाली घातली.

मग तिचे लग्न ठरले, नवे नावही ठरले. त्या दुपारी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. ती म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून राणी अशीच बसलेली आहे. आणि बुरुजातला एक दाणाही आम्हां पाखरांना कधी मिळाला नाही."

शाल्मली तडक बुरुज चढली. तीन दारे होती, प्रत्येकावर दगडी तोंड.

पहिल्याने विचारले, "कुणाला भितेस?"

"बाबांना."

दुसऱ्याने विचारले, "कुणाला दोष देत आलीस?"

"स्वतःला."

तिसऱ्याने विचारले, "आईचं माहेरचं नाव काय?"

"माहीत नाही. कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

खरे बोलली म्हणून तिन्ही दारे उघडली. आत एकवीस मडकी होती, लाल फडक्यांनी तोंडे बांधलेली. प्रत्येकात कोणीतरी कुजबुजत होते. सर्वांत नवे मडके तिने उचलले. ते अंगासारखे गरम होते.

मागून राजा आणि मांत्रिक आले.

"ठेव ते," राजा म्हणाला. "जिला आपलं नाव आठवतं, ती राणी माहेरी निघून जाते."

"मग जाऊ द्यायचं होतं. माझ्यावर का ढकललंत?"

"तू लहान होतीस. तुला ते खरं वाटलं."

शाल्मलीने मडके आपटले. मग उरलेली वीसही फोडली. मांत्रिकाचा तिथेच कोंडा झाला आणि वाऱ्याने उडाला. मेलेल्या राण्यांची नावे खिडकीतून ओरडत आपापल्या गावांकडे गेली. फरशीवर तांदूळ सरकले आणि आईच्या माहेरच्या नावाची अक्षरे उमटली: गोदा.

खाली राणी उठली. पायऱ्या चढून वर आली. तिने लेकीची हनुवटी उचलली आणि म्हणाली, "तुझ्यामुळे काही झालं नव्हतं, बाळा."

राजाने ती रीत त्याच घटकेला मोडली, हात जोडले, आणि आता मी काय करू, असे विचारले. त्यावर गोदा म्हणाली, "तुम्ही आधी माझ्या मुलीची—"

आले, काकू. आले म्हटलं ना, एवढं एकच वाक्य