पडद्याआडचा पावा

जावईबापू रुसले होते, आणि तेही ऐन धोंड्याच्या महिन्यात!

चांदीच्या ताटात अनारसे तसेच पडून होते. राणीसाहेब डोळ्यांना पदर लावून दारात उभ्या होत्या. आणि विक्रांतराव जावई नव्या कोऱ्या उपरण्यासकट पाहुण्यांच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. अधिकात जावई उपाशी परतला, तर राजवाड्याचं नाक पंचक्रोशीत कापलं जाणार. बरं, भांडण मानापानावरूनही नव्हतं. सीडीवरून होतं!

भैरवसिंहराजांचं संस्थान विलीन होऊन जमाना झाला, पण तोरा काही विलीन झाला नव्हता. राज्य गेलं म्हणून त्यांनी सीडी जमवल्या. माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणले आणि येईल त्या पाहुण्याला धरून ऐकवायला बसवलं. पाहुणे येईनासे झाले. जावयाला मात्र यावंच लागलं.

त्या सकाळी राजांनी बिरुआबा धनगराच्या पाव्याची सीडी लावली. आबा वाड्यामागच्या माळावरचे. शहरातल्या कुण्या कंपनीने एकदा त्यांचा नुसता पावा टिपून नेला होता. विक्रांतरावांनी खिशातून मोबाइल काढला, त्याच स्पीकरना जोडला आणि तोच पावा वाजवला.

"मामासाहेब, ऐका! याहून किती स्वच्छ! सीडी आता चहाच्या कपाखाली ठेवायची वस्तू!"

"मोबाइलवर मिस्ड कॉल येतात, संगीत नाही!" राजे कडाडले. जावईबापू तडक खोलीत गेले आणि आतून कडी लागली.

तेवढ्यात खुदकन कुणीतरी हसलं. कपाटातल्या सीडी पुसणारी हौसा! आई स्वयंपाकाला आणि लेक झाडलोटीला, दोघी वाड्यामागच्या खोलीत राहायच्या.

"हसतेस? मग तूच लाव निकाल!" राजांचा सगळा राग तिच्यावर फिरला. "सीडी की मोबाइल, आज चहाच्या आत ठरलं पाहिजे. पण जावयापुढं मी हरता कामा नये! आणि धोंड्याचा महिना आहे, माझ्यापुढं जावईही हरता कामा नये! जमलं नाही, तर तू आणि तुझी आई, खोली रिकामी करायची!"

हौसाच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. "भवाने, तुला आत्ताच हसायचं हुतं? आता ऱ्हायाचं कुटं?"

हौसाने पायात चपला सरकवल्या आणि माळाच्या वाटेने निघाली.

चहाच्या वेळेला दिवाणखान्यात स्पीकरपुढे जाड मखमली पडदा ओढलेला होता. राणीसाहेबांनी दाराबाहेरून विनवण्या करून जावयाला आणलं होतं. सासरा या टोकाला, जावई त्या टोकाला. दोघांनी माना फिरवलेल्या.

"पडद्याआडनं दोनदा पावा वाजंल," हौसा म्हणाली. "कुठला काय, त्ये तुमी वळखायचं. चुकला त्यो हरला. कबूल?"

"माझ्या कानांना परीक्षा?" राजे गुरगुरले. "कबूल!"

"डोळे मिटूनसुद्धा सांगेन!" जावई म्हणाले.

हौसा पडद्याआड गेली आणि पावा वाजू लागला. लांब, ओला सूर. दारातल्या राणीसाहेबांना वाटलं, अंगणातच मेंढरं आली की काय!

"अहाहा!" राजांनी मांडीवर थाप मारली. "हा श्वास! हा जिवंतपणा! सीडी!"

"छे हो! एवढा स्वच्छ सूर सीडीत कुठला? मोबाइल!"

मग दुसऱ्यांदा पावा वाजला.

"हा मोबाइल. रस्सा म्हणून गरम पाणी वाढावं तसा!" राजांनी नाक मुरडलं.

"ही सीडी. शिळी!" जावयाने त्याहून जास्त मुरडलं.

इतक्यात सूर मध्येच तुटला. खर्र... खर्र!

"अडकला!" राजे उडालेच. "नेट गेलं! बघा तुमचा मोबाइल!"

"सीडीवर चरा पडलाय! बघा तुमची सीडी!"

"न्येट न्हाई का चरा न्हाई!" पडद्याआडून आवाज आला. "बिडीचा खोकला हाय ह्यो! जरा खोकूबी दीना का मानसाला?"

पडदा सरला. खांद्यावर घोंगडं आणि हातात पावा घेऊन साक्षात बिरुआबा बाहेर आले. राणीसाहेबांना हसू दाबायला पदर तोंडात कोंबावा लागला.

"ही शुद्ध फसवणूक!" राजे लालेलाल झाले.

"मी काय म्हनले, सरकार? पावा वाजंल म्हनले. वाजला का न्हाई?"

"आणि मी हरता कामा नये, हे बजावलं होतं!"

"जावयापुढं हरता कामा नये म्हनला हुता. हरला न्हाई. जावईबापूबी तुमच्यापुढं हरलं न्हाईत. दोघंबी आबापुढं हरला! आन् आबा कुनाचा सासरा न्हाई का जावई न्हाई. रुसायचं कुनावर?"

राजांनी जावयाकडे पाहिलं. जावई अनारशांच्या ताटाकडे पाहत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"ते सगळं ठीक!" राजांनी शेवटचा डाव टाकला. "पण सीडी चांगली की मोबाइल? त्याचा निकाल कुठाय?"

"आबाचा खोकला सीडीत हाय?"

"नाही."

"मोबाइलात?"

"नाही," जावई पुटपुटले.

"मंग झाली की दोनी सारखी! कंपनीनं खोकला कापून टाकला, उरल्यालं दोघांनी वाटून घ्येतलं. त्याच्यापायी कशाला भांडायचं?"

राजे आधी गालात हसले, मग पोट धरून, आणि मग खोकला लागेपर्यंत हसले. "हा कुठला खोकला, मामासाहेब? सीडीचा की मोबाइलचा?" जावयाने विचारलं आणि पहिला अनारसा तोंडात टाकला.

राजांनी बिरुआबांना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मग हौसाकडे वळले.

"खोली रिकामी करायची नाही! आजपासून ती तुझ्या आईच्या नावावर. उद्याच वकिलाला बोलावतो. आणखी काय हवं, माग!"

हौसाने कमरेला खोचलेलं सीडी पुसायचं फडकं काढलं आणि जावईबापूंच्या गुडघ्यावर ठेवलं. "येवढंच, सरकार, आजपास्नं सीडी जावईबापूंनी पुसायच्या!"