येसूच्या घरचं पाणी

सावरकोंडात तळं एकच आहे आणि त्याला तळं कुणी म्हणत नाही. बायका कळशी काखेला मारून निघाल्या की "येसूच्या घरी जाऊन येते" असं सांगून निघतात. नवखा पाहुणा मग येसूचं घर शोधत फिरतो. घर नाहीच. एका बेताच्या घराएवढं चौकोनी पाणी, चहूबाजूंनी जोत्याचे चिरे, आणि पूर्वेला मधोमध काळ्या दगडाचा उंबरा. तो ओलांडून आत पाऊल टाकलं की माणूस थेट गुडघाभर पाण्यात.

तळ्याला लागून घर आहे ते इंदूआत्याचं. पाहुण्यांना ती आधी कोकम देते, मग चपला काढायला लावते. "कुणाच्या दारात आलायत ते तरी ऐका," म्हणते. तिने सांगितलेली हकिगत अशी.

फार मागे, या गावात कौलं यायच्याही आधी, त्या उंबऱ्याच्या आत येसू राहायची. नवरा भागोजी आणि दात फुटायला आलेली एक लेक. येसूच्या घरासारखी जमीन पंचक्रोशीत नव्हती म्हणे. समई लावली की ज्योत खाली जमिनीतही दिसायची. वारुळाची माती डोक्यावरून वाहून आणून, भिजवून, तुडवून, लाकडी चोपण्याने चोपून तिने ती एकटीने केली होती. मदतीला कुणी आलं नाही. खरं तर एकदा शेजारीण आली होती. ती सारवून गेल्यावर येसूने तेवढाच भाग पुन्हा सारवला, आणि विसरलेली विळी न्यायला परतलेल्या शेजारणीने ते पाहिलं. मग कोण येतंय?

आवडी येसूच्या माहेरची. दोघी एका वाडीत वाढलेल्या, एकाच गावात दिलेल्या. आवडीचा नवरा गलबतावर गेला तो आलाच नाही, म्हणून ती माहेरी परत गेली होती. बऱ्याच वर्षांनी आली तेव्हा तिच्या घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. वासे वाळवीने पोखरलेले, चुलीत रानतुळस उगवलेली. दीर म्हणाला, पडक्या घरावर कसला आलाय हक्क? गावकी बसली. शिमग्याला देवीची पालखी ज्या घरात टेकते ते घर जिवंत, असा गावाचा रिवाज होता. येत्या शिमग्याला पालखी आवडीच्या घरात टेकली तर घर आवडीचं, नाही तर जागा दिराची, असं ठरलं. आणि देवी काही उखडलेल्या जमिनीवर टेकत नाही.

आवडीने पदर खोचला आणि दारोदार गेली. रडत नाही, हसत. "ये गो, तू आली नाहीस तर माझी भिंत रुसून पडेल." झालं. कुणी बांबू दिले, कुणी पेंढा, कुणी नुसतेच हात. रोज दुपारी आवडीच्या अंगणात जत्रा भरायला लागली. एकीने भाकऱ्या आणायच्या, दुसरीने सुकटीची चटणी. येसूला आपल्या परड्यातून सगळं ऐकू यायचं. कामाचा आवाज थोडा आणि हसण्याचा जास्त. भागोजीसुद्धा तिथेच. त्याच्या स्वतःच्या गोठ्याचं दार दसऱ्यापासून लोंबत होतं, आणि हा बाबा आवडीच्या छपरावर बसून शीळ घालत वासे बांधत होता.

"आपल्या दाराचं काय?" येसूने विचारलं.

"करू गो. इथे बाईचं घर जायची वेळ आलीय. तुला काय कमी आहे?"

तेच तर तिला सांगता येत नव्हतं. कमी काहीच नव्हतं. घर लख्ख, भांडी जागच्या जागी, लेक चांगली बाळसेदार. तरी येसू झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चाललाय ना. चालला असला की आणखी एकदा बघायची. इतकं करून पोर तिच्या खांद्यावर किरकिर करायची, आणि आवडीकडे नेली की धुळीत, ठोकाठोकीत, तिच्या मांडीवर गाढ झोपायची. बायका म्हणायच्या, "बघ कशी निजली! आवडीच्या अंगाला मायेचा वास आहे." येसूने घरी येऊन पदर नाकाला लावून पाहिला. शेण आणि धूर. मायेचा वास असतो तरी कसा, तिला कळेना.

भिंती लिंपून झाल्या, छप्पर शाकारलं. उरली जमीन. तेव्हा आवडी स्वतः येसूच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून आत बघत म्हणाली, "तुझ्यासारखी नाही होणार, पण निम्मी तरी होऊ दे. माती कुठली घेऊ गो येसू? तू सांगशील तीच."

वारूळ कुठे आहे ते येसूच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात लेकीने आवडीला पाहिलं आणि आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे केले.

"खाडीच्या बांधालगतची घे," येसू म्हणाली. "लोण्यासारखी मऊ."

मऊ होती ती, हे काही खोटं नव्हतं. पण ती खारी माती. चोपून घेते, चकाकते, आणि वाळली की मीठ वर येऊन पापडासारखी सुटते. येसूला ते पक्कं ठाऊक होतं. इतरजणींनाही थोडंफार असणार. पण जमिनीच्या बाबतीत येसूच्या शब्दावर शंका कोण घेणार?

बायकांनी टोपल्या वाहिल्या. ओळीने बसून, गाणी म्हणत, आवडीची जमीन चोपली. येसू लेकीला घेऊन तिथेच दारात बसली होती. चोपणी वेडीवाकडी पडत होती आणि तिचे हात शिवशिवत होते. तरी तिने चोपणं हातात धरलं नाही.

जमीन वाळली आणि पांढरी झाली. मग तिचे पोपडे सुटले. झाडू मारला की जमीनच केरात यायला लागली. होळी पेटून गेली होती, पालखी वरच्या वाडीत फिरत होती, ढोल खाली ऐकू येत होते. दीर दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघून गेला. जागाच राजी नाही, असं लोक बोलायला लागले. जी बाई नवऱ्याला मानवली नाही ती घराला काय मानवणार, असंही कुणी बोललं.

येसू ते ऐकायला गेली होती. हो, ऐकायलाच, असं सांगतात. आपला हेवा फळाला आलेला बघायला. अंगणात बायका गप्प बसल्या होत्या. एकीने हळूच विचारलं, "मातीच खोटी नसेल ना गो?"

आवडी एकदम उसळली. "येसूने दाखवलेली माती आहे ती! तिची जमीन बघितलीस ना? माझेच हात खोटे."

येसू तशीच मागे फिरली. तिला वाटलं होतं, आज पोटातली आग निवेल. ती आता घशापर्यंत आली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हिने इथेही आपल्याला चांगलंच म्हणावं? येसूने लेकीला पाळण्यात टाकलं, कुदळ उचलली आणि स्वतःच्या घराच्या मधोमध, समईची ज्योत दिसायची त्या जागी घाव घातला.

आवाज ऐकून भागोजी धावत आला. "येसू! खूळ लागलं काय तुला? पालखी येतेय, आपल्या घरात कुठे टेकेल?"

"टोपली भर," येसू म्हणाली. "आणि आज तरी शीळ घालू नको."

पहिली टोपली तिने डोक्यावर घेतली, लेकीला काखेला मारली आणि भर दुपारी सगळ्या गावासमोरून आवडीच्या दारात नेऊन ओतली.

आवडीने माती मुठीत घेऊन पाहिली. "ही तर तुझ्या घरातली."

"होय. वारुळाची. खारी माती मी मुद्दाम दाखवली होती."

वरच्या वाडीतले ढोल जवळ येत होते. आवडीने मुठीतली माती खाली सोडली. मग हात पुढे करून म्हणाली, "पोरीला दे इकडे. तू चोपायला बस."

पोर खुशाल तिच्याकडे गेली. रडली नाही, मागे वळूनही बघितलं नाही. आणि तेव्हासुद्धा येसूच्या पोटात बारीकशी कळ आलीच, असं इंदूआत्या सांगते. ही गोष्ट ती कधी गाळत नाही.

साऱ्या गावाने खारी माती खरवडून काढली, टोपल्या वाहिल्या. येसूने चोपणं धरलं आणि या वेळी दुसऱ्या बायकांची वेडीवाकडी चोपणी तिने मागाहून सरळ केली नाही. जुनी मुरलेली माती, उन्हात ती झपाट्याने वाळली. ढोल दारात आले तेव्हा जमीन खणखणीत वाजत होती. पालखी आवडीच्या घरात टेकली. दीर नमस्कार करून निघून गेला.

तिथून पालखी येसूच्या दारात आली. आत जमीन नव्हतीच. खणलेल्या घरात चारही कोपऱ्यांतून पाझर फुटले होते, आणि पाणी उंबऱ्याला लागत होतं. भोई थबकले. टेकवायची कुठे? मग म्हणे पालखी आपोआप जड झाली, भोयांचे खांदे खचले, आणि देवी त्या उंबऱ्यावरच टेकली. भोई दमले असतील, असंही काहीजण म्हणतात. पाणी मात्र त्या दिवसापासून आटलेलं नाही, आणि खाडी इतकी जवळ असून गोडं आहे.

येसूचं बिऱ्हाड आवडीच्या पडवीत गेलं. मग त्या दोघी सुखाने नांदल्या का? चुलीवरून, चोपण्यावरून, पोर कुणाजवळ निजणार यावरून जन्मभर भांडल्या. येसूचा हेवा गेला असं सांगणारा या गावात कुणी नाही.

आजही शिमग्याला पालखी त्या उंबऱ्यावर टेकवतात. आणि गावात कुणाचंही घर नव्याने करायचं निघालं, मग ते जुनं मोडून असो की मुंबईच्या पैशाने वर मजला चढवून असो, फरशी बसवण्याआधी गावातल्या बायका आपापल्या घरची मूठभर माती घेऊन येतात. ज्यांच्या घरात आता मातीच उरली नाही, त्या तुळशीतली आणतात. मूठ बंद ठेवायची, नव्या जमिनीत पालथी करायची. घरची बाई दारात उभी राहून प्रत्येकीला एकच म्हणते, "ये गो येसू." सून असो, सासू असो, जिवाभावाची मैत्रीण असो, त्या दिवशी तिला नाव एकच. कुणाची मूठ मायेची आणि कुणाची हेव्याची, हे विचारायचं नसतं.

फक्त एखादीची मूठ फारच मोठी निघाली, दोन्ही हातांची ओंजळ करून ती माती घेऊन आली, की साऱ्याजणी तिच्याकडे बघून हसतात. थोडा वेळ ती इकडेतिकडे बघते. मग तीही हसते, आणि ओंजळ रिकामी करते.