टिटवी ओरडली की चिंचेखाली

एक होता राजा. त्याचा वाडा सगळा सागवानी लाकडाचा. राजाची लेक केतकी, आणि तिचा धाकटा भाऊ चंदर. केतकी तुमच्याएवढीच, पण हट्टी म्हणजे भारी हट्टी, बरं का!

एकदा काय झालं, केतकीला तळ्याकाठी पाय मोडलेली टिटवी सापडली. केतकीनं हळद लावून पाय बांधला. मग बरी झाल्यावर टिटवी चक्क बोलायलाच लागली! म्हणाली, "पोरी, मी आता तुमच्या आढ्यावर बसते. धूर आला की ओरडेन. मी ओरडले की काही शोधायचं नाही, कुठं लपायचं नाही. खाली वाकून रांगत बाहेर पडायचं, थेट अंगणातल्या चिंचेखाली. आणि माघारी फिरायचं नाही."

"कबूल," केतकी म्हणाली.

आता त्या राज्यात टिटवीचं ओरडणं म्हणजे अपशकुन. आचाऱ्यानं मिरच्यांची फोडणी दिली, टिटवी ओरडली, "टिटिव् टिव्! टिटिव् टिव्!" केतकी चंदरला घेऊन चिंचेखाली. सगळा वाडा खो खो हसला. मग देवघरात धूप घातला. पुन्हा टिटवी, पुन्हा चिंच. आता राणी चिडली. "अवलक्षणी मेली! टोपलीखाली कोंडा तिला." तर केतकी त्या रिकाम्या टोपलीवरच जाऊन बसली. जेवायलासुद्धा उठली नाही. शेवटी राणीच थकली.

मग एके दुपारी जेवणं होऊन वाडा आडवा झाला. मुदपाकखान्यात चुलीतली ठिणगी उडाली ती थेट गोवऱ्यांवर. टिटवी ओरडली. लोकांनी कूस बदलली. "फोडणी असेल!"

केतकी उठली. पण चंदर कुठाय? तो घाबरून पलंगाखाली! केतकी पटकन खाली वाकली. पलंगाखाली लपलं म्हणून आग काही सोडत नाही, उलट शोधणाऱ्याला आपण सापडत नाही.

"चंदर, चल."

"माझा लाकडी घोडा?"

"राहू दे घोडा!" पाय धरून ओढलंच त्याला. दाराला उलटा हात लावला, तर दार तव्यासारखं तापलेलं. मग ते दार तिनं उघडलंच नाही. दुसऱ्या दारानं रांगत, "आग! बाहेर पडा!" ओरडत दोघं चिंचेखाली. त्या ओरडण्यानं वाडा जागा झाला. राणी आली, आचारी आला, दासी आल्या, राजा आला.

राजानं डोक्याला हात लावला. "अरे, मुकुट आत राहिला!" निघाला की परत! केतकीनं त्याचा शेला घट्ट धरला.

"बाबा, माघारी फिरायचं नाही."

"सोड! मी राजा आहे."

"मुकुट नसला तरी तुम्ही राजाच. तुम्ही नसलात तर मुकुट ठेवू कुणाच्या डोक्यावर?"

राजा थांबला. आणि धाडकन आढं कोसळलं. राणी केतकीला पोटाशी धरून रडली. धुरातून टिटवी उडत आली आणि केतकीच्या पायाशी बसली.

मग नवा वाडा बांधला. राजानं खोलीखोलीत टिटवीला जागा ठेवली. आता ती ओरडली की अपशकुन कुणी म्हणत नाही. सगळे चिंचेखाली जमतात, फोडणीच निघाली तर हसत जेवायला येतात, आणि सुखानं राहतात.

आपल्या छताला लावलेली, धूर आला की वाजणारी ती पांढरी डबी आहे ना, ती आपली टिटवी. आणि आपली चिंच कुठली रे? बरोब्बर, फाटकाबाहेरचा कडुनिंब. शहाणी माझी बाळं! आता मिटा डोळे. ती जागी आहे, तुम्ही झोपा.