परमुलखासाठी मांडलेला पाट

एकदा एक शिष्य होता. म्हातारपणी त्याला ही हकीकत सांगताना धीर होत नसे. त्याच्या आचार्यांचे शब्द खरेच हे होते, की आपणच ते पुढे नीट लावून घेतले, अशी शंका त्याला येई. पंगतीतला तो पाट मात्र त्याला स्वच्छ आठवे.

त्याच्या नगरीच्या विद्यापीठात हे आचार्य जलविद्या शिकवीत. निवडलेल्या विद्यार्थ्यांचे मोजकेच पाट पहिल्या दिवशी पंगतीत मांडले जात. ज्याला पाट मिळाला, त्याचे जेवण आणि शिक्षण राजकोठारातून. त्या वर्षी शेवटच्या पाटावर शिष्याचा धाकटा भाऊ बसला होता. घरी दुसरी सोय नव्हती.

आचार्य आले आणि धाकट्याला म्हणाले, "ऊठ बाळा." त्याच पाटावर त्यांनी नदीच्या वरच्या राज्यातून आलेल्या एका तरुणाला बसवले.

शिष्य पंगतीत वाढत होता. शिष्याच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली.

कोठाराला धान्य देणारा व्यापारी म्हणाला, "धान्य आमचं आणि जेवणार परमुलूख! उद्या त्यांची गुरंही इथंच बांधा, आचार्य."

पंगत उठल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, धाकट्याचं काय चुकलं?"

"काहीच नाही. वरच्या राज्यात नदीवर बांध घालताहेत. जादा पाणी वाहून जायला सांडवा लागतो, हे तिथं कुणाला ठाऊक नाही. बांध फुटला तर पाणी कुठं येईल?"

"आपल्याकडे."

"तुझा भाऊ शिकला असता, तर आलेल्या पाण्याची उंची मोजली असती. ते येऊ न देणं त्या तरुणाच्या हाती आहे."

"पण धाकट्यावर अन्याय झाला."

"झाला," आचार्य म्हणाले. "मी केला. तू त्याला न्याय म्हणू नकोस."

धाकटा पुढे नावाडी झाला. नदीकाठी घर बांधून राहिला. आचार्यांचे नाव निघाले की उठून जाई.

पुष्कळ वर्षांनी, अतिवृष्टीच्या सालानंतर, शिष्य मुद्दाम वर चढून गेला. बांध शाबूत होता. तिथल्या वृद्ध गवंड्याकडून त्याने खात्री करून घेतली: मूळ आराखड्यात सांडवा नव्हता, खाली शिकून आलेल्या एका तरुणाने दरबाराशी भांडून तो बांधायला लावला होता.