हैबतीची मूळ संख्या

एका गावात एक भोळा हैबती होता. त्याचं लग्न ठरत नव्हतं. शेवटी दाजीबा नावाच्या नारळाच्या बागायतदाराने त्याला आपली मुलगी सगुणा द्यायचं कबूल केलं. अट एकच. जावयाला मोठ्या संख्या समजल्या पाहिजेत.

हैबतीची आई त्याला गुरुजींकडे घेऊन गेली. गुरुजी म्हणाले, संख्या केवढीही मोठी असो, घाबरायचं नाही. फक्त शेवट बघायचा. शेवट सम, तर संख्या सम.

दुसऱ्या दिवशी आईने त्याला बैल आणायला पाठवलं. त्याने आणला. बैल दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता.

आईने विचारलं, "नीट बघून घेतलास ना?"

"शेवट बघितला. शेपूट चांगली आहे."

आईने गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी त्याला पुन्हा समजावलं. नुसता शेवट बघून भागत नाही. तीनने भाग जातो का हे बघायचं, तर सगळे अंक घेऊन त्यांची बेरीज करावी लागते.

हैबतीला पटलं. मग आईने त्याला लग्नाच्या बाजाराला धाडलं. त्याने तांदूळ, डाळ, साखर, मीठ आणि तंबाखू हे सगळं एकाच पोत्यात आणलं. आईने पोतं उघडलं आणि खाली बसली. हैबती म्हणाला, बेरीज केली.

आई पुन्हा गुरुजींकडे गेली. गुरुजी थकले होते. ते हैबतीला म्हणाले, "प्रत्येक ठिकाणी बेरीज करू नकोस. काही संख्या मूळ असतात. त्यांचे सारखे वाटे पडतच नाहीत. अशी मोठी संख्या भेटली तर त्यातला एक काढून टाक. मग वाटे पडतात."

लग्नाचा दिवस आला. मुहूर्त संध्याकाळचा होता, जेवणं दुपारी. नवरदेवाने माणसं मोजू नयेत असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हैबतीने मोजली. स्वतःला धरून एक हजार नऊ. त्याने सातासातांच्या पंगती बसवल्या. एक उरला. सगळ्यांना उठवून आठाआठांच्या बसवल्या. एक उरला. नऊनऊंच्या बसवल्या, बाराबारांच्या बसवल्या. दर वेळी एकच उरला. भात गार झाला. म्हातारी माणसं उठबस करून दमली. दाजीबा लांबून बघत होते. जावई हिशेबाचा पक्का आहे, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

मग पंगती अचानक जुळल्या. सगळे जेवले.

संध्याकाळी अंतरपाट धरला. एका बाजूला सगुणा हार घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. भटजींनी दोनदा वाकून बघितलं. विहिरी शोधल्या, बाग शोधली. मुहूर्त टळला.

आई धावत घरी आली. हैबती चुलीपाशी बसून भाकरी खात होता.

"हैबत्या, इथे काय करतोस?"

"संख्या मूळ होती, आये. एक काढावा लागला. मी मलाच काढलं."

हैबतीने तिला पाण्याचा तांब्या दिला.

"आधी सगुणेलाच काढणार होतो," तो म्हणाला. "पण म्हटलं, नवरीशिवाय लग्न कसं लागेल?"