बर्गरातली भाजी

माझ्या विघ्नेशचं वजन तीन महिने वाढेना, म्हणून माझा सगळा भरवसा अंगणवाडीतल्या मटकीच्या उसळीवर. अशात एका कंपनीचे पाटणकरसाहेब अंगणवाडीत खोकं घेऊन आले. म्हणाले, "उसळ बंद करा. आम्ही मुलांना बर्गर आणि फ्राईज फुकट देतो. पाव आहे, बटाटा आहे, भाजी आहे. पूर्ण आहार!"

अंगणवाडीच्या शैलजाताई मान डोलवायला लागल्या.

मी विचारलं, "साहेब, यात भाजी किती असते?"

"भरपूर, वहिनी!"

मी एक बर्गर उघडला. आत कोबीचं एक पान आणि टोमॅटोची एक चकती निघाली. दोन्ही उचलून मुलांच्या वजनकाट्यावर ठेवली. काटा जागचा हलला नाही. पोरांना सोडायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

साहेब चिडले. "अहो, हा काटा एवढ्याशा वजनासाठी नसतो!"

मी म्हटलं, "मघाशी भरपूर होती, आता एवढीशी झाली? जी भाजी काट्याला कळली नाही, ती माझ्या पोराच्या अंगाला कशी लागायची?"

साहेबांनी खोकं उचललं. दुसऱ्या दिवशी उसळच शिजली, आणि विघ्नेशनं दोनदा मागून खाल्ली.