अण्णांचा केसपेपर

"अण्णा, खरं सांगा. मी वाचते तेव्हा तुम्ही ऐकता तरी का?"

डॉ. शाल्मली आगाशेंनी हे विचारलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. शेवटचं पोर रडून, इंजेक्शन घेऊन, गोळी चघळत घरी गेलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉ. गुरुसिद्ध हत्तरकी, म्हणजे अख्ख्या गडहिंग्लजचे अण्णा, भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते. वय शहात्तर. डोळ्यांवर काळा चष्मा.

"ऐकतो की," अण्णा म्हणाले आणि एक दाणा तोंडात टाकला.

मी नेहमीसारखा बाकावर होतो. पायाच्या गळवाचं ड्रेसिंग केव्हाच झालं होतं, पण मी उठत नव्हतो. निवृत्त मास्तराला फुकटचा तमाशा सोडवत नाही.

"ऐकता? मग वर्षभरात एकदाही माझं औषध खोडलं का नाहीत?"

अण्णांनी पुढची शेंग घेतली.

आता ही बाई कोण आणि वर्ष कसलं, ते सांगतो.

शाल्मलीबाई पुण्याच्या. सुवर्णपदकवाल्या. एका मोठ्या हॉस्पिटलात असताना एका लहान मुलाच्या औषधात त्यांच्या हातून दशांशाचं टिंब राहिलं आणि डोस दहापट झाला. सिस्टरनं विचारलं होतं, "मॅडम, एवढा?" बाई म्हणाल्या होत्या, "मी लिहिलाय ना? तेवढा द्या."

पोर वाचलं. आठवड्यात खेळायलाही लागलं. पण वैद्यक परिषदेनं बाईंच्या नोंदणीवर वर्षभरासाठी अटी घातल्या. एका ज्येष्ठ डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करायचं. लिहिलेल्या प्रत्येक औषधावर, पेशंट उठायच्या आत, त्यांची सही घ्यायची. आणि तसा फलक दवाखान्यात लावायचा. माझ्या मते परिषदेनं टिंबापेक्षा त्या उत्तराला शिक्षा दिली, आणि बरं केलं.

पुण्यात कुणी जबाबदारी घेईना. अण्णांची आणि बाईंची ओळख ना पाळख, पण त्यांना कुठूनसं कळलं आणि त्यांनी एका ओळीचं पत्र धाडलं. "या. शेंगांचा हंगाम आहे."

फलक लागला त्या दिवशी बाईंची मान वर होत नव्हती. एका म्हातारीनं नातवाकडून तो वाचून घेतला.

"म्हंजे डागदरीनबाईंवर कुणीतरी ध्यान ठिवतंय?" ती म्हणाली. "लई बेस झालं. आमच्या जावयालाबी असा एक फळा द्या की!"

सगळा दवाखाना हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्यात अण्णांची पद्धत. बाईंनी पेशंट तपासायचा, केसपेपर लिहायचा आणि मग तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. नाव, वय, तक्रार, औषध, सगळं. पाढे म्हणायला लावावेत तसं. अण्णा डोळे मिटून शेंगा फोडायचे. वाचून झालं की "हं" म्हणायचे आणि सही ठोकायचे.

कागदाकडे बघायचे नाहीत. सुवर्णपदकाला हे सहन कसं व्हावं?

आज वर्ष संपत होतं. टेबलावर शेंगांच्या टरफलांशेजारी परिषदेचा फॉर्म पडला होता. देखरेख करणाऱ्या डॉक्टरनं अभिप्राय लिहायचा. चांगला लिहिला तर अटी उठणार, नाहीतर आणखी एक वर्ष. बाईंची ट्रंक भरून तयार होती. परवाची पुण्याची गाडी ठरली होती.

आणि नेमक्या त्याच दिवशी बाईंनी हे उकरून काढलं.

"तुम्हाला सांगायचंच होतं," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांपूर्वी मी एक खोटा केसपेपर लिहिला. गर्दीत, दोन पेशंटच्या मध्ये, त्याच सुरात वाचला. तुम्ही 'हं' म्हणालात. सही केलीत."

"कुणाचा?"

"तुमचा!"

मी पाय खाली घेतला.

अण्णांनी शेंग फोडली. आत तीन दाणे निघाले. त्यांना आनंद झालेला दिसला.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय, अण्णा? मला खोट्या सहीवर सुटका नको. तुम्ही ऐकत नसाल तर हे वर्ष धरताच येणार नाही. मी परिषदेला तसं कळवीन."

हे सिद्ध झालं तर तिचंच वर्ष पाण्यात जाणार होतं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. तरी बोलली. बाईबिई राहू दे, मला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली.

"कागद कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या ड्रॉवरमध्ये. पुरावा म्हणून ठेवलाय."

तिनं ड्रॉवर उघडला. वरचे कागद काढले. खालचे काढले. मग सगळा ड्रॉवरच टेबलावर उपडा केला.

कागद नव्हता.

अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चार घड्या घातलेला एक केसपेपर काढला.

"पेशंटचा कागद पेशंटपाशी असतो," ते म्हणाले. "घे. वाच."

"अण्णा..."

"वाच की. रोज वाचतेस तसा."

तिनं घड्या उलगडल्या. वाचायला लागली, पण रोजचा सूर काही लागेना.

"गुरुसिद्ध मल्लाप्पा हत्तरकी. पुरुष. वय शहात्तर. तक्रार... समोरचा कागद न बघता सही करणे. निदान, दृष्टिदोष. सल्ला, नेत्रतज्ज्ञांना तातडीने दाखवावे."

मी तोंडावर टोपी धरली. हसू आवरत नव्हतं.

"निदान कशावरून केलंस?" अण्णांनी विचारलं.

तिनं कागद खाली ठेवला.

"तपासलंस का मला?"

"नाही."

"मग कशावरून?"

"...रागावरून."

"राग असू दे. निदान बरोबर निघालं."

अण्णांनी काळा चष्मा काढला.

ती पुढे झुकली. मग उठली, टॉर्च घेतली, टेबलाला वळसा घालून गेली आणि काही न विचारता अण्णांची हनुवटी धरून चेहरा वर केला. त्या घटकेला तिथं ना गुरू होता ना शिष्या. एक डॉक्टर होती आणि एक पेशंट होता. पेशंटनं मुकाट्यानं डोळा मोठा केला.

"उजवा," ती पुटपुटली. "ऑपरेशन झालंय! कधी?"

"तू सल्ला दिलास त्याच्या चौथ्या दिवशी. बेळगावात."

"पण तुम्ही तर भाच्याच्या लग्नाला..."

"भाच्याला आता नातवंडं आहेत."

ते दोन दिवस मलाही आठवले. अण्णा नाहीत म्हणून बाईंना काम करता येत नव्हतं आणि दवाखान्याला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा काळा चष्मा लावून हजर.

"दोन आठवडे हा चष्मा लावून तुझ्यासमोर बसलोय," अण्णा म्हणाले. "तुला काय वाटलं?"

तिनं खाली बघितलं. "मला वाटलं... ऐट करताय."

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. गल्लीत तर आम्ही त्यांना हिरो म्हणायला लागलो होतो.

"पार पिकलेला मोतीबिंदू," अण्णा सांगू लागले. "मला वाटायचं, दिव्याचा उजेडच कमी झालाय. बल्ब बदलला दोनदा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर अवघड होतं. विचारलं, कुणी पाठवलं? मी हा कागद दाखवला."

"हा? त्यांना दाखवलात?"

"मग? दुसरी चिठ्ठी कुठं होती?"

"काय म्हणाले ते?"

"हसले. मग म्हणाले, चाळीस वर्षांत इतकी चोख चिठ्ठी बघितली नाही."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते मला बाकावरून कळेना. तिलाही कळत नसावं.

मग एकदम तिनं हात खाली घेतले.

"थांबा. म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं! मग त्या सगळ्या सह्या?"

"पहिल्या दिवशी दिसत होतं ना?"

"हो."

"तेव्हासुद्धा वाचायलाच लावलं."

"का?"

"अक्षर अडखळत नाही," अण्णा म्हणाले. "माणूस अडखळतो."



मला एकेक प्रसंग आठवायला लागला. बाई वाचतायत... "दिवसातून तीन वेळा पाच... नाही, थांबा, अडीच." आणि पेन काढून स्वतःच दुरुस्ती. अण्णांचे डोळे मिटलेले. कितीदा तरी झालं होतं हे माझ्यासमोर. पुढे पुढे कमी झालं. शेवटच्या चार महिन्यांत तर मी एकदाही बघितलं नाही.

"तुम्ही एकदाही खोडलं नाहीत," ती हळू म्हणाली.

"तूच खोडलंस की. एकोणतीस वेळा."

"मोजलंत?"

"मग काय शेंगा मोजत होतो?"

आता मात्र ती हसली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा असं, डोकं मागे टाकून, घोड्यासारखं. सुवर्णपदक मिळवलेलं माणूस असं हसू शकतं हे मला माहीत नव्हतं.

अण्णांनी टरफलं बाजूला सारून फॉर्म ओढला. नवा चष्मा, पांढऱ्या काचांचा, डबीतून काढून चढवला. पुष्कळ वेळ लिहिलं. मग कागद समोर धरला.

"वाचतो," म्हणाले. "ऐक."

आणि वाचायला लागले. अगदी तिच्याच सुरात, नाव, वय, पदवी, सगळं. नोंदणी क्रमांक वाचला. शेवटचे दोन आकडे अठ्ठ्याहत्तर.

"सत्त्याऐंशी," ती म्हणाली.

"काय?"

"अण्णा, शेवटी अठ्ठ्याहत्तर नाही. सत्त्याऐंशी."

अण्णांनी कागद जवळ घेतला. लांब धरला. आकड्यांची अदलाबदल झाली होती.

"खरंच की," ते म्हणाले. "कुण्या भलत्याच डॉक्टरची सुटका झाली असती!"

त्यांनी खोडलं, सुधारलं, शेजारी छोटी सही केली आणि पुढे वाचलं. "या डॉक्टरांना यापुढे अटींची गरज नाही." खाली मोठी सही. बास, एवढंच.

ती वाकून नमस्कार करायला गेली. अण्णांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"अजून संपलं नाही. वर्षभरात तुझी एकच चूक मला सापडली. ती सांगायची राहिलीय."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. मी पण सरसावून बसलो. सही तर झाली होती, मग आता हे काय?

अण्णांनी तोच केसपेपर, स्वतःचा, टेबलावर पसरला. खिशातून लाल पेन्सिल काढली आणि अगदी तळाशी एक गोल केला.

तिथं छापलेलं होतं, 'पुन्हा दाखवण्याची तारीख'. आणि पुढची जागा कोरी होती.

"पेशंटला पाठवलंस," अण्णा म्हणाले. "त्यानं परत कधी यायचं, ते लिहिलंच नाहीस."

"पण अण्णा, मी तर परवा..."

ती थांबली. भिंतीवरच्या फलकाकडे बघितलं. मग माझ्याकडे, का कोण जाणे. मी टोपी झटकायला लागलो, कारण माझ्या डोळ्यांचंही काही खरं नव्हतं.

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

शाल्मलीनं खुर्ची ओढली. बसली. पेनचं टोपण काढलं आणि कोऱ्या जागेवर टोक टेकवलं...

अण्णांनी नवी शेंग फोडली आणि दाणे तिच्यापुढे सरकवले.

"तारीख घाईनं घालू नकोस," ते म्हणाले. "पेशंटचा डावा डोळा अजून राहिलाय."